गच्चीवरचे ऊन

टॉवरची गच्ची कुलपात असते, हे आम्हांला राहायला आल्यानंतर कळले. चाळीच्या गच्चीला दार होते, पण कुलूप नव्हते. कुलूप लावावे असे वर काही नव्हतेही. पाण्याच्या टाक्या होत्या, दोन-चार गंजलेल्या अँटेना होत्या आणि ऊन होते. उन्हाला कुलूप लागू शकते हे आमच्यापैकी कोणाच्या मनात आले नव्हते.

चाळ लालबाग आणि करी रोड यांच्या मधे होती. ती पाडली आणि तिच्या जागी दोन इमारती आल्या. एक बावीस मजल्यांची, आम्हां जुन्या भाडेकरूंसाठी. दुसरी तिच्या दुप्पट उंच, विकण्यासाठी. मधे भिंत. दोन्हींची फाटके वेगळ्या रस्त्यांवर उघडतात. आम्हांला घरात संडास मिळाला, लिफ्ट मिळाली, नळाला दिवसभर पाणी मिळाले. याच गोष्टींसाठी आमच्या आयांचा जन्म रांगेत गेला. म्हणून टॉवरला नावे ठेवणाऱ्यांत मी बसत नाही. मात्र लिफ्ट वीज खाते, पंप वीज खातो, पहारेकऱ्याला पगार लागतो. चाळीचे भाडे द्यायचे विसरले तरी चालून जाई. टॉवरचा मेंटेनन्स दर महिन्याला दार वाजवतो.

मी गिरणीत साचेखात्यात जॉबर होतो. साचा म्हणजे माग. जॉबर म्हणजे मागांची आणि मागावरच्या माणसांची जबाबदारी ज्याच्यावर असते तो. संपानंतर गिरणी काही वर्षे रडतखडत चालली, मग बंद पडली. तिच्या जमिनीवर काचेची कचेरी उभी राहिली. त्या कचेरीच्या दारावर मी पहारेकरी झालो. वय झाल्यावर तेही सुटले. मुलगा कंत्राटावर आहे. कंत्राट असेल तेव्हा पगार असतो. घर चालते ते पत्नीच्या मसाल्यावर.

ती सिंधुदुर्गातली. मालवणी मसाला तिच्या हातचा. होळी झाली की मिरच्या आणायच्या, देठ खुडायचे, कडक उन्हात वाळवायच्या, एकेक जिन्नस वेगळा भाजायचा आणि लालबागच्या कांडपावर नेऊन कुटून आणायचा. कांडप म्हणजे यंत्राने आपटणारी लोखंडी मुसळे. खाली उखळात मसाला. पावसाच्या आत सगळे उरकले पाहिजे. या दोन-अडीच महिन्यांच्या कामावर आमचे वर्ष निघते. गिऱ्हाइके जुनी. कोणी डोंबिवलीला गेले, कोणी विरारला, पण मसाला हिच्याकडूनच नेतात.

टॉवरमधला पहिला उन्हाळा आला. हिने मिरच्यांची पोती घरात घेतली आणि गच्चीवर जायला निघाली. पाच मिनिटांत परत आली.

“कुलूप आसा,” ती म्हणाली.

“सेक्रेटरीकडे चावी असेल,” मी म्हणालो.

सेक्रेटरी आमच्याच चाळीतला. बँकेत नोकरीला. वयाने चाळिशीच्या आत, वागायला नम्र, बोलण्यात इंग्रजी शब्द बरेच. संध्याकाळी आम्ही दोघे त्याच्याकडे गेलो.

“काकी, गच्ची वापरायची नाही असा बिल्डरचा नियमच आहे,” तो म्हणाला. “वॉटरप्रूफिंगची गॅरंटी आहे. वर काही ठेवलं, ठोकलं, की गॅरंटी गेली. मग गळती सुरू झाली तर पैसे कोण भरणार?”

“मिरसांगो ठोकूक लागनत नाय रे,” ही म्हणाली.

“ते कळतं मला. पण बाजूच्या टॉवरवाल्यांची आधीच कंप्लेंट आहे. सुक्या बोंबलाच्या वासाची. त्यात मिरची म्हटल्यावर... ऐका ना काकी, आता पाकिटात चांगला मसाला मिळतो. या वयात कशाला एवढा त्रास?”

ही उठली. दारात थांबून म्हणाली, “तुझ्या आवशीक इचार, तुमच्याकडचो मसालो खयसून येता तो.”

आतल्या खोलीतून त्याच्या आईच्या हसण्याचा आवाज आला. तो हसला नाही, चिडलाही नाही. चावी मात्र दिली नाही.

मग खिडकी राहिली. आमची खिडकी पूर्वेला. सकाळचे ऊन हमखास यायला हवे. पण पूर्वेलाच विक्रीचा टॉवर उभा आहे. त्याच्या माथ्यावरून सूर्य वर येईपर्यंत दुपार होते आणि मग तो आमच्या छपरावरून पश्चिमेला सरकतो. मधे तासभर एक पट्टा खिडकीच्या जाळीवर पडतो. ही त्या पट्ट्याबरोबर सुपे सरकवत बसे. आठ दिवसांत मिरच्या वाळल्या तर नाहीतच, उलट पोत्याच्या तळाशी असलेल्या दमट झाल्या आणि त्यांना बुरशी आली. अर्धे पोते फेकावे लागले. ते ती स्वतः उचलून खाली घेऊन गेली.

त्या रात्री मुलाने विषय काढला. अशी जागा भाड्याने देऊन बदलापूरला राहायला गेलेली कुटुंबे आमच्याच इमारतीत होती. इथले भाडे येते, तिथले कमी जाते, वरचे पैसे हातात उरतात.

“तिथे गच्ची असेल,” मुलगा म्हणाला.

“आणि कांडाप?” ही म्हणाली. “गिऱ्हाईक? माझा सगळा हय आसा.”

मुलाने विषय तिथेच सोडला. पण मसाला झाला नाही तर बदलापूर टळणार नाही, हे तिघांनाही कळले होते. चाळीत तीन पिढ्या काढून, बारा वर्षे संक्रमण शिबिरात काढून, मिळालेल्या घरातून वर्षाच्या आत निघायचे. गिरणीने काढले तेव्हा मी निघालो. इथून निघण्याची माझी तयारी नव्हती.

आमच्या शेजारच्या घरात एक बाई राहतात. पालिकेच्या रुग्णालयात आया म्हणून नोकरी करून निवृत्त झालेल्या. बौद्ध कुटुंब. पूर्वी त्यांची चाळ आमच्या मागे होती. दोन चाळींत एक बोळ होता. ये-जा होती, पण ती बोळापुरती. त्यांच्या बायका त्यांच्या गच्चीवर मिरच्या घालत, आमच्या आमच्या. टॉवरमधली घरे चिठ्ठ्या टाकून वाटली तेव्हा त्यांचे दार आमच्या दाराला लागून आले. चिठ्ठीने जे एका सकाळी केले ते आम्ही साठ वर्षांत केले नव्हते. त्यांचा मसाला वेगळा, काळ्याकडे झुकणारा, खोबरे जास्त. त्याही विकतात. त्यांचीही पोती घरात अडकली होती.

“उन्हाची वाट बघत बसलात तर पाऊस येईल,” त्या एकदा हिला म्हणाल्या. “तव्यावर ओल काढूया. मंद आचेवर. वेळ लागेल, पण होईल.”

हिला ते पटेना. मऊ मिरची भाजली की धूर जास्त होतो आणि रंग काळवंडतो. पण बसून राहण्यापेक्षा बरे म्हणून दोघींनी एका दुपारी आमच्या स्वयंपाकघरात मोठी कढई चढवली. बाजूच्या टॉवरवाल्यांना ठसका जाऊ नये म्हणून हिने घरातल्या सगळ्या खिडक्या घट्ट लावल्या. काचा, पडदे, मोरीची झडप, सगळे. आणि घराचे दार सताड उघडे ठेवले.

ते तिने मुद्दाम ठेवले नाही. आमच्याकडे दिवसा दार लावत नाहीत. चाळीत दिवसा दार लागलेले दिसले तर शेजारी विचारायला येत, घरात आजारी कोण, की भांडण झाले म्हणून. टॉवरमध्येही आम्ही दार उघडेच ठेवत होतो आणि मी उंबऱ्याजवळ खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत बसत होतो. त्या दिवशीही बसलो होतो.

धुराला बाहेर जायला एकच वाट होती आणि ती माझ्यावरून जात होती. मला प्रथम खोकला आला. मग डोळ्यांतून पाणी आले. पान उलटून मी पुढे वाचायचा प्रयत्न केला. तेवढ्यात पॅसेजच्या छतातल्या पांढऱ्या डबीने लाल डोळा मिचकावला आणि इमारतीच्या सगळ्या मजल्यांवर एकदम घंटा सुरू झाली.

गिरणीचा भोंगा मी आयुष्यभर ऐकला आहे. हा आवाज त्याहून वाईट होता.

लोक जिन्याने उतरू लागले. म्हाताऱ्या, पोरे, कडेवरची पोरे, एकजण देव्हाऱ्यातला गणपती हातात घेऊन. आमच्या मजल्यावरून उतरणारा प्रत्येकजण खोकत होता. ही कढई उतरवून पदर नाकाला लावून बाहेर आली. शेजारीणबाई मागून झारा हातात घेऊनच आल्या. खाली पोहोचेपर्यंत बाजूच्या टॉवरच्या पहारेकऱ्यांनी अग्निशमन दलाला फोन केला होता. बंब आला, मागून दुसरा आला. मुखवटे लावून जवान वर गेले आणि थोड्या वेळाने मुखवटे काढून खाली आले. त्यांचे डोळे लाल होते. एकजण शिंकत होता आणि त्याला शिंक थांबवता येत नव्हती.

त्यांचा अधिकारी उंच, पिकलेल्या मिशांचा. त्याने जमलेल्या लोकांकडे पाहून विचारले, “पंधराव्या मजल्यावर कोण काय जाळत होतं?”

“जाळतंय कित्याक?” ही पुढे झाली. “भाजत होतंय.”

“मिरची?”

“मसाल्याची.”

अधिकाऱ्याने मिशीवरून हात फिरवला. “बाई, तुमचा मसाला जोरात आहे,” तो म्हणाला. “माझी माणसं आगीत शिरतात, ती तुमच्या दारातून मागे फिरली.”

लोक हसले. भीती ओसरल्यावर माणसे फार हसतात. सेक्रेटरी तोवर बँकेतून धावत आला होता. तो हसत नव्हता. बाजूच्या टॉवरची दोन माणसे भिंतीपलीकडून मोबाइलवर चित्रण करत होती. इथे सगळे संपले, असे मला वाटले. आता गच्चीच काय, तवाही चढवू देणार नाहीत.

पण बंब आला की नुसता परत जात नाही. अधिकाऱ्याने इमारत तपासायला घेतली. पाण्याचे नळ, जिने, आणि शेवटी गच्ची. सेक्रेटरी आणि मी त्याच्याबरोबर गेलो. मी कोणी बोलावले म्हणून नाही, धूर आमच्या घरचा म्हणून. गच्चीच्या दारासमोर तो उभा राहिला. कडीला हाताएवढे कुलूप.

“चावी?”

सेक्रेटरीने खिसे चाचपले. “घरी आहे. आणतो लगेच, सर.”

“आग लागल्यावर पण आणायला जाणार?” अधिकारी म्हणाला. “खाली धूर, वर कुलूप. माणसं जातील कुठे?”

“सर, ते वॉटरप्रूफिंगसाठी...”

“मेलेल्या माणसाला गळतीचा काय त्रास?”

त्याने मागे पाहिले. एका जवानाने कुऱ्हाडीच्या पाठीने तीन घाव घातले. कुलूप खाली पडले. दार उघडले आणि जिन्यात ऊन शिरले. चार वाजले असतील. गच्ची पांढरीशुभ्र, मोकळी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उन्हाने भरलेली. इतके ऊन कोणाच्याही कामी न येता रोज तिथे पडून जात होते. मला राग आला. मी तो तिथे दाखवला नाही.

“या दाराला कुलूप दिसता कामा नये,” अधिकारी म्हणाला. “कडी चालेल. आणि बाई मिरची घरात भाजणार नाहीत. दोन्ही लिहून देतोय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ही, शेजारीणबाई आणि खालच्या मजल्यावरच्या चौघीजणी पोती घेऊन वर गेल्या. कोणी कोणाला विचारले नाही. मीही गेलो. त्यांनी जुन्या साड्या पसरून मिरच्या ओतायला सुरुवात केली, चाळीच्या सवयीने, जागा दिसेल तिथे. मी त्यांना थांबवले.

“अशा नाही,” मी म्हणालो. “उद्या तो येईल आणि म्हणेल की दाराची वाट अडवली. रांगा धरा.”

साचेखात्यात दोन साच्यांच्या ओळींमध्ये माणसाला जाता येईल एवढी वाट सोडलेली असे. मी जॉबर असताना त्या वाटेत कोणाला मागाचा सूत वाहणारा धोटाही ठेवू देत नसे. तशीच वाट मी इथे आखली. खडूने रेघा मारल्या. जिन्याच्या दारापासून दोन्ही टोकांपर्यंत सरळ वाट, टाकीभोवती वाट, मधे साड्यांच्या ओळी. साड्यांच्या कोपऱ्यांवर दगड ठेवू दिले नाहीत. पाण्याने भरलेल्या बाटल्या ठेवल्या. टाइल्सना ओरखडा नको. फार वर्षांनी माझ्या सांगण्याप्रमाणे कोणीतरी रांगेत काम करत होते.

“जॉबरसाहेब, ही रेघ वाकडी आलीय,” शेजारीणबाई म्हणाल्या.

ती वाकडी होती. मी पुसून पुन्हा मारली.

नऊला सेक्रेटरी वर आला. कामावर जायच्या कपड्यांत होता. त्याने सगळीकडे पाहिले. गच्ची अर्धी लाल झाली होती.

“काकी, दार उघडं ठेवायला सांगितलंय,” तो म्हणाला. “मिरच्या घालायला नाही सांगितलं.”

“दार उघडाच आसा,” ही म्हणाली. “वाट पण सोडलंय. चलान बघ.”

तो खरेच चालला. दारापासून टाकीपर्यंत गेला आणि परत आला. त्याचा बूट एकाही मिरचीला लागला नाही.

“मला मीटिंग लावावी लागेल,” तो म्हणाला.

“लाव,” शेजारीणबाई म्हणाल्या. “तोवर वाळतील.”

सभा रविवारी झाली, तळमजल्यावर गाड्या लावतात तिथे. खुर्च्या पुरल्या नाहीत. बाजूच्या टॉवरमधून एक बाई आल्या होत्या. तिथल्या समितीच्या त्या अध्यक्ष. त्यांना मराठी येत होते. सेक्रेटरीने प्रश्न मांडला. त्याने तो प्रामाणिकपणे मांडला, कुलपाचेही सांगितले. मग आमच्याच सातव्या मजल्यावरचा एक तरुण उठला.

“मी स्पष्ट बोलतो,” तो म्हणाला. “टॉवरमध्ये राहायला आलो ते काय मिरच्या वाळवायला?”

“मग कशाला आलास?” शेजारीणबाईंनी बसल्या जागेवरून विचारले. “लिफ्टच्या आरशात भांग पाडायला?”

हशा झाला. तो तरुण भांग पाडूनच आला होता.

“मावशी, हसू नका. असलं काही दिसलं की बिल्डिंगचा रेट पडतो.”

“रेट विकणाऱ्याला,” त्या म्हणाल्या. “तू विकून कुठे चाललास?”

तो खाली बसला. मग बाजूच्या टॉवरच्या बाई बोलल्या. त्यांचा आवाज शांत होता. वासाची तक्रार त्यांची स्वतःची नव्हती. पण दुपारी वारा सुटला की तिखट हवा खिडक्यांतून आत येते, आणि त्यांच्या सासऱ्यांना दमा आहे.

यावर ओरडा होईल असे मला वाटले. ही उभी राहिली. सभेत ती आयुष्यात कधी बोललेली नव्हती. पदर खोचून उभी राहिली, जणू कढईवर उभी आहे.

“बाई, तुमचा बरोबर आसा,” ती म्हणाली. “मिरसांग नुसती पडान रवली तर तिचो ठसको उडणा नाय. परतताना उडता. अकराच्या आत आमी परतून घेतो. दर्याचो वारो दुपारी सुटता. तेव्हा कोणी हात लावचो नाय. म्हाताऱ्यांका खोकलो इलो तर माका सांगा, मी त्याच दिवशी काढून घेतंय.”

त्या बाईंनी विचारले, “अकराच्या आत?”

“आत.”

“मग माझं काही म्हणणं नाही.”

भाजण्याचा प्रश्न राहिला. घरात भाजायची बंदी झालीच होती. कांडपावर भट्टी असते, तिथे भाजून देतात. पण भाजणे दुसऱ्याच्या हाती देणे हिला कधी मान्य नव्हते. धणे किती तांबूस करायचे, दगडफूल कधी काढायचे, हे तिच्या नाकाला कळते. चाळीत चाळीस वर्षे तिने दुसऱ्याला झारा धरू दिला नाही. सगळे तिच्याकडे पाहत होते.

“भट्टीवर भाजतंय,” ती म्हणाली. “पण हात माझो. तसा मी त्यांका सांगतंय.”

सेक्रेटरीने हात वर करायला सांगितले. बायकांचे हात आधी आले. मग ज्यांच्या घरी या बायका स्वयंपाक करतात ते पुरुष इकडे-तिकडे पाहून हात वर करू लागले. सेक्रेटरीची आई पहिल्या रांगेत होती. तिने दोन्ही हात वर केले आणि मुलाने तिला एक खाली घ्यायला सांगितला. भांगवाल्याने हात वर केला नाही, विरुद्धही केला नाही. ठरले ते असे: होळीपासून पावसापर्यंत गच्ची उन्हाच्या कामाला. वाट मोकळी. परतणे अकराच्या आत. शेवटी गच्ची धुऊन द्यायची. पाळ्या मजल्यांप्रमाणे, चाळीत पाण्याच्या असत तशा.

पाळ्या लागतील असे आम्हांला वाटले नव्हते. पण सभेनंतर ज्या घरांनी मसाला करणे सोडून दिले होते त्यांतल्या बायका एकेक करून वर येऊ लागल्या. कोणाला नुसत्या मिरच्या वाळवायच्या होत्या, कोणाला पापड, कोणाला आमसुलांसाठी आणलेली कोकमे. कोणाला जमत नव्हते. त्यांनी हिला सांगितले, तुम्हीच करून द्या. ऊन कडक होते. चार दिवसांत आमच्या मिरच्या अशा वाळल्या की मुठीत धरल्यावर खुळखुळ वाजल्या. दुपारी शेजारीणबाई आणि ही टाकीच्या सावलीत बसत. एकमेकींच्या मसाल्याला नावे ठेवत.

“तुमच्यात खोबरं नाही, म्हणजे त्याला अंग नाही,” त्या म्हणत.

“तुमच्यात खोबऱ्याशिवाय काय आसा?” ही म्हणे.

दोघींनी एकमेकींकडून डबाभर मसाला मात्र घेतला, आणि दोन्ही घरांत तो संपला.

पोती लिफ्टने खाली न्यायची वेळ आली तेव्हा लिफ्टमध्ये सातव्या मजल्यावर तोच भांगवाला शिरला. दार बंद झाले. तो शिंकला. पुन्हा शिंकला. तळमजल्यावर उतरताना डोळे पुसत त्याने हिला विचारले, “काकी, अर्धा किलो मिळेल का? आई मागतेय.”

“रांग आसा,” ही म्हणाली. “नाव सांगून ठेव.”

जागा भाड्याने देण्याचा विषय घरात पुन्हा निघाला नाही. मुलाने कांडपापर्यंत नेण्यासाठी मित्राची दुचाकी आणली आणि कोणी न सांगता पोती वाहिली.

कांडपाच्या गल्लीत त्या दिवशी गर्दी होती. मुसळांचा आवाज साचेखात्यासारखाच, बोललेले ऐकू येत नाही. दुकानदाराने हिला भट्टीजवळ जागा करून दिली. आधी त्याचा माणूस झारा सोडेना. तिने त्याच्या हातातून झारा काढून घेतला. तो बाजूला झाला आणि मग पाहत उभा राहिला. एकेक जिन्नस तिने स्वतः भाजला. धणे, बडीशेप, मिरी, दगडफूल, शेवटी मिरच्या. धुराने गल्लीतले लोक मागे सरकले. ती सरकली नाही. घामाने तिचे कपाळ चमकत होते.

मग सगळे उखळात गेले. मुसळे आपटू लागली. लाल धूळ उठली, दुकानाच्या दिव्यावर बसली, माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर बसली. बऱ्याच वेळाने यंत्र थांबले. दुकानदाराने चाळणीखालचा मसाला परातीत ओतला. तो अजून गरम होता. हिने चिमूटभर तळहातावर घेतला, जिभेला लावला आणि डोळे मिटले. आम्ही सगळे थांबलो. दुकानदार, त्याचा माणूस, मुलगा, शेजारीणबाई, मी.

तिने डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. मी पिशव्या पुढे केल्या. ती भरत गेली, मी तोंडे बांधत गेलो.